पल्सर १५०चा कॅमशाफ्ट घरी बदलता येईल का? टॅपेट दोनदा सेट करूनही टिकटिक परत येते

धायरी_२००८

नमस्कार मंडळी. गाडी पल्सर १५०, २००८ची, मीटरवर ८३,४०० किलोमीटर. मुळात बाबांची गाडी. ते मार्केट यार्डात भुसार विभागात हिशेबाचं काम बघायचे. अकरा वर्षं रोज धायरीहून याच गाडीवर गेले-आले. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर चावी माझ्याकडे आली. गाडी विकायची नाही हे आधीच सांगतो, कारण गॅरेजमध्ये पहिला सल्ला तोच मिळतो.

त्रास असा आहे. चार महिन्यांपासून हेडमधून, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या भागातून, टिकटिक येते. सकाळी थंड असताना कमी, पण नवले पुलाच्या सिग्नलपर्यंत इतकी वाढते की शेजारचा गाडीवाला वळून बघतो. टॅपेट (रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यातली फट) दोनदा सेट करून घेतले. दोन्ही वेळा जेमतेम तीनशे किलोमीटर शांतता आणि मग पुन्हा तेच. पिकअपही बसलाय. कात्रजचा जो चढ पूर्वी चौथ्यात निघायचा तिथे आता तिसरा टाकावा लागतो.

गेल्या रविवारी स्वतःच टाकी उतरवली आणि टॅपेट कव्हर उघडलं. एक्झॉस्टचा लोब (कॅमशाफ्टवरचा व्हॉल्व्ह उघडणारा उंचवटा) बरा आहे, काचेसारखा चमकतो. इनटेकच्या लोबचं टोक मात्र गेलंय. नख फिरवलं की अडकतं. मोहरीच्या निम्म्या आकाराचे करडे खड्डे आहेत आणि एका कडेला धातूचा पापुद्रा सुटलाय. त्या लोबवर चालणाऱ्या आणि त्याचा धक्का व्हॉल्व्हला देणाऱ्या रॉकरच्या तोंडावरही आडवी खाच पडलीय.

दोन वर्षांपूर्वी धूर मारत होती म्हणून एका गॅरेजमध्ये हाफ इंजिन काम झालं होतं: बोअर, पिस्टन, रिंगा. त्यानंतर १४,००० किलोमीटर झाले. आता दुसऱ्या गॅरेजवाल्याने सांगितलं की कॅमसाठी हेड खाली घ्यावंच लागेल, सगळे मिळून ८,५०० रुपये, गाडी चार दिवस ठेवा.

हेड खरंच काढावं लागतं का? रॉकरही बदलायचे की फक्त कॅम पुरेल? आणि टायमिंग, म्हणजे क्रँक आणि कॅमचा मेळ, चुकलं तर इंजिनचं किती नुकसान होईल? माझ्याकडे बॉक्स पान्यांचा सेट आहे, बोहरी आळीतून आणलेलं फिलर गेज (फट मोजायच्या पट्ट्या) आहे, टॉर्क रेंच (मोजून कसायचा पाना) नाही. क्लचप्लेट आणि चेन-स्प्रॉकेट घरी बदललंय, हेडच्या आत हात कधी घातला नाही.

कात्रज_घाट

कॅम काढायला हेड उतरवावं लागत नाही. मी २०२१च्या लॉकडाउनमध्ये माझ्या १५०चा कॅम सोसायटीच्या पार्किंगमध्ये बदललाय, हेड जागेवर ठेवून. टाकी उतरवली की वर पुरेशी जागा मिळते. चहाच्या वेळा धरून साडेपाच तास लागले, तुला पहिल्या वेळी पूर्ण दिवस धर.

इंजिन रात्रभर थंड झालेलं असू दे. गाडी मेन स्टँडवर घे, दोन्ही प्लग काढ म्हणजे इंजिन हाताने सहज फिरेल. डाव्या बाजूला मॅग्नेटो कव्हरवरची झाकणं उघड आणि क्रँकच्या नटावर पाना लावून घड्याळाच्या उलट दिशेने फिरव. पाना बसत नसेल तर टॉप गिअर टाकून मागचं चाक पुढे फिरव, चाक ज्या दिशेने फिरतं त्याच दिशेने क्रँक फिरतो. खिडकीत टीची खूण (पिस्टन सगळ्यात वर आल्याची) आली आणि कव्हरच्या खाचेसमोर बसली की थांब.

इथेच बहुतेक लोक फसतात. क्रँकच्या दोन फेऱ्या होतात तेव्हा कॅमची एक फेरी होते, त्यामुळे टी दोनदा येतो. एकदा कॉम्प्रेशन संपताना, एकदा एक्झॉस्ट संपताना. आपल्याला कॉम्प्रेशनचा हवा. त्या वेळी दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात, दोन्ही रॉकर बोटांनी किंचित खडखड हलतात आणि लोबची टोकं रॉकरपासून लांब असतात. रॉकर ताठ लागले तर आणखी एक पूर्ण फेरी दे. मग कॅमच्या स्प्रॉकेटच्या खुणा हेडच्या कडेशी कशा बसल्यात त्याचा फोटो काढ आणि कॅम फिरवणाऱ्या टायमिंग चेनच्या एका कडीवर व तिच्या खालच्या दातावर नेलपॉलिशचा ठिपका दे. आईची, बहिणीची, कोणाचीही बाटली चालेल, पण गडद रंगाची घे. तेलात फिका रंग दिसत नाही.

त्यानंतर सिलिंडरच्या मागे, कार्बोरेटरखाली असलेला टेन्शनर, टायमिंग चेन ताणून धरतो तो. आधी त्याचा मधला बोल्ट आणि स्प्रिंग काढ, मग बाजूचे दोन बोल्ट. हा नुसता सैल करून परत कसायचा नाही. सैल होताच आतला दांडा पूर्ण बाहेर येतो, दातांवर अडकतो आणि परत कसताना चेनवर भलताच ताण येतो. तो काढायचा, खटका दाबून दांडा आत ढकलायचा आणि तसाच बाजूला ठेवायचा.

स्प्रॉकेटचे बोल्ट सोडण्याआधी चेनच्या पोकळीत स्वच्छ सुती फडकं कोंब. हे मी केलं नव्हतं. माझा एक बोल्ट खाली गेला आणि तो काढायला लांब दांड्याचं मॅग्नेट घेऊन दीड तास वाकून बसलो. निघाला नसता तर मॅग्नेटो कव्हर उघडावं लागलं असतं. चेनला तांब्याची तार बांधून ती फ्रेमला अडकव, नाहीतर चेन खाली पडते. रॉकरचे शाफ्ट काढलेस की कुठला इनटेकचा आणि कुठला एक्झॉस्टचा हे चिकटपट्टीवर लिहून ठेव.

रॉकर बदलच. खाच पडलेला रॉकर नवीन कॅमवर बसवलास तर तो नवा कॅम खाईल. या दोघांची जोडी असते.

चिंचवड_ग्राइंडिंग

कात्रजकरांनी सांगितलेली पद्धत अचूक आहे, त्यात मी काही बदल सुचवणार नाही. पण धायरीकर, तू नवीन कॅम विकत घ्यायच्या आधी थांब. तुला अरे-तुरे करतोय, कारण मी वयाने बराच मोठा आहे. २९ वर्षं कॅमशाफ्टच्या ग्राइंडिंगवर काम केलं, पाच वर्षांपूर्वी निवृत्त झालो. तुझं वर्णन वाचून मला कॅमपेक्षा तेलाची काळजी वाटली.

लोबकडे नीट बघ. गोलाचा जो भाग रॉकरला उचलत नाही तो बेस सर्कल. तिथून चढण सुरू होते आणि वर टोक, आम्ही त्याला नाकच म्हणायचो. नाकाची गोलाई लहान, म्हणून रॉकर तिथे अगदी बारीक रेषेवर टेकतो. त्याच क्षणी व्हॉल्व्हची स्प्रिंग सगळ्यात जास्त दबलेली असते. म्हणजे सगळ्यात कमी जागा आणि सगळ्यात जास्त भार, दोन्ही एकाच ठिकाणी. त्यातून हळू चालणाऱ्या इंजिनात नाकावरचा भार उलट जास्त असतो, कारण वेगात रॉकर-व्हॉल्व्हचं वजन स्प्रिंगचा थोडा जोर खाऊन टाकतं. सिग्नलला उभी गाडी कॅमला आराम देते असं लोकांना वाटतं, ते खरं नाही.

या सगळ्यात लोब आणि रॉकर यांच्यामध्ये असतो फक्त तेलाचा थर. तुझे बाबा धायरीहून मार्केट यार्डात जायचे. पंचवीस मिनिटं आणि सरासरी साडेतीन हजार आरपीएम धर. कॅम निम्म्या वेगाने फिरतो, म्हणजे एका खेपेत जवळजवळ चव्वेचाळीस हजार वेळा लोब रॉकरला घासून जातो. अकरा वर्षं हे चाललं आणि कॅमला काही झालं नाही. मग हाफ इंजिन काम झालं आणि १४,००० किलोमीटरमध्ये नाक गेलं. मला हा योगायोग वाटत नाही.

कॅमचा कडकपणा वरवर असतो. ओतीव लोखंडाच्या कॅममध्ये साच्यात लोबच्या जागी धातूचे तुकडे ठेवतात, त्यांना लागून ओतीव रस झटकन थंड होतो आणि तेवढाच भाग अतिशय कठीण बनतो. आपल्याकडे सोलापुरात मोटारींचे कॅमशाफ्ट असे ओततात. पोलादी कॅमचे लोब तापवून वरची कातडी कठीण करतात. दोन्हींत कातडी फुटली की आतला मऊ धातू भराभर झिजतो. म्हणूनच तुझे टॅपेट तीनशे किलोमीटरही टिकत नाहीत. तू गॅप बसवतोस आणि खडबडीत लोबवर रॉकरचं तोंड पुन्हा झिजतं. या लोबला पॉलिश पेपर लावून गुळगुळीत करू नकोस आणि कोणी वेल्डिंग करून देतो म्हणालं तर देऊ नकोस.

आता एक काम कर, खर्च शून्य. टॅपेट कव्हर उघडंच असू दे. पेट्रोलचा कॉक बंद. दोन्ही प्लग काढून आपापल्या कॅपमध्ये घाल आणि त्यांच्या भोकांपासून लांब, इंजिनच्या धातूला टेकवून बांध. नुसतं लोंबकळत ठेवलंस तर सीडीआयवर (प्लगला ठिणगी देणारा डबा) ताण येतो. मग पाच सेकंद सेल्फ मार, थांब, परत पाच सेकंद. बॅटरी चांगली हवी. रॉकरवर आणि कॅमच्या बेअरिंगवर तेल येताना दिसलं पाहिजे. काय दिसतं ते इथे लिही, मग पुढचं बोलू. तोवर गाडी चालवू नकोस.

धायरी_२००८

काका, केलं. आज संध्याकाळी, बॅटरी आधी चार्ज करून.

पहिले पाच सेकंद काहीच नाही. दुसऱ्या वेळी काही नाही. तिसऱ्या वेळी एक्झॉस्टच्या रॉकरपाशी ओलसरपणा आला, एक थेंब जमला आणि तिथेच राहिला. इनटेककडे कोरडंच. सहा वेळा मारून बॅटरी बसली तेव्हा थांबलो. तेलाची पातळी बरोबर आहे, खिडकीत मधोमध दिसते. तेल २० डब्ल्यू ५०, बदलून ९०० किलोमीटर झाले.

बाबा खुर्ची घेऊन शेजारी बसले होते. ते म्हणाले, धूर यायचा तेव्हासुद्धा टॅपेट कव्हर उघडलं की मिस्त्रीच्या शर्टावर तेल उडायचं.

चिंचवड_ग्राइंडिंग

तुझ्या वडिलांनी निदान करून दिलं. तेल पूर्वी वर येत होतं, आता येत नाही.

तीन ठिकाणं बघायची, खालून वर. पहिली, तळाची जाळी. तेल काढ, जाळी बाहेर घे, तिच्यावर काय अडकलंय ते पांढऱ्या कापडावर झटक. दुसरी, कागदी फिल्टर आणि त्याची पोकळी. हे दोन्ही स्वच्छ निघाले तर पंप आणि हेड यांच्यामधल्या वाटेत अडथळा आहे. ती वाट सिलिंडरच्या खालच्या आणि वरच्या गॅस्केटमधून जाते. हाफ इंजिन काम करताना हीच दोन गॅस्केटं बदलली गेली असणार. गळती नको म्हणून काही जण बेस गॅस्केटला दोन्ही बाजूंनी सिलिकॉन थापतात. दाबलं की ते बाहेर येतं तसंच आतही येतं. बाहेरचं बोटाने पुसलं जातं, आतलं कोणी बघत नाही.

जाळी आणि फिल्टर साफ निघाले तर तुला हेड आणि सिलिंडर दोन्ही उतरवावे लागतील. कात्रजकर म्हणाले ते खरंच आहे, कॅमसाठी हेड काढावं लागत नाही. तेलासाठी काढावं लागेल. वरून तार घालून किंवा हवा मारून वाट मोकळी करायचा मोह होईल. ते करू नकोस. तुटलेला तुकडा खाली कुठे जाऊन बसेल हे आपल्याला दिसणार नाही.

एक टॉर्क रेंच मिळव, विकत नाहीतर उसना. स्प्रॉकेटच्या ६ मिलिमीटरच्या बोल्टांना साधारण १० न्यूटन-मीटर पुरतं, म्हणजे १० सेंटीमीटर लांब पान्यावर अंदाजे १० किलोचा जोर. हे हाताला शिकवता येतं. हेडच्या नटांना अंदाज चालत नाही. मॅन्युअलमधला आकडा घे, चारही नट समोरासमोर आणि तीन टप्प्यांत कस. सोडतानाही तसंच, थंड इंजिनवर.

नाना_पेठ_फेरी

सामानाचं मी सांगतो, नाना पेठेत आठवड्यातून दोनदा जाणं होतं.

जुना कॅम सोबत ने. पल्सर १५० हे नाव एकच असलं तरी वर्षागणिक आतले भाग बदलत गेलेत. काउंटरवर दोन्ही कॅम शेजारी ठेव, स्प्रॉकेट बसतं ते टोक, बोल्टांची भोकं आणि बेअरिंगची जागा जुळव. खोक्यावरचा पार्ट नंबर, छापील किंमत आणि आतल्या मालावरचा शिक्का बघितल्याशिवाय पैसे देऊ नको. मोकळा, फडक्यात गुंडाळलेला कॅम स्वस्तात मिळेल, तो घेऊ नको. मी एकदा एका दुकानातून घेतला होता, लोबवर ग्राइंडिंगच्या रेघा नखाला लागत होत्या आणि अडीच हजार किलोमीटरमध्ये परत उघडावं लागलं.

जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी इंजिनचे सुटे भाग मिळतात. हँडल, कव्हर, स्टँड तिथून जरूर घे. वापरलेला कॅम घेऊ नको, दुसऱ्याच्या रॉकरवर झिजलेला लोब तुझ्या काय कामाचा.

हेड उतरवणारच आहेस तर यादी अशी: कॅम बेअरिंगसकट, दोन्ही रॉकर, टायमिंग चेन, तिच्या दोन्ही पट्ट्या, पूर्ण गॅस्केट किट, व्हॉल्व्ह सील. ८३,००० झालेल्या चेनवर नवा कॅम बसवू नको. चेन लांबलेली असली की खुणा कधीच नीट समोर येत नाहीत आणि तू स्वतःला दोष देत बसशील.

धायरी_२००८

तीन आठवड्यांनी लिहितोय, पण सगळं झाल्यावर लिहायचं ठरवलं होतं.

जाळी आणि फिल्टर साफ निघाले. फक्त जाळीवर राखाडी रबरासारखे दोन बारीक तुकडे होते, तांदळाच्या कणीएवढे. काकांनी सांगितलं नसतं तर मी ते कचरा म्हणून पुसून टाकले असते. बोटात दाबले की लवचिक लागत होते. तेव्हाच कळलं.

हेड उतरलं, सिलिंडर उतरला. बेस गॅस्केटला दोन्ही बाजूंनी सिलिकॉन होतं, आतल्या कडेने सगळीकडे ओघळ आलेला. तेलाच्या भोकात तो जिभेसारखा लोंबत होता. गॅस्केटच्या त्या भोकात बॉलपेनची रिफील सहज जाते. जीभ होती तिथे शिवणाची सुईच कशीबशी गेली. दोन वर्षं माझ्या कॅमला सुईच्या भोकातून तेल मिळत होतं. मी फोटो काढले, बाबांना दाखवले. ते काही बोलले नाहीत, चष्मा काढून परत एकदा बघितलं.

दोन्ही पृष्ठभाग लाकडी पट्टीने आणि थिनरच्या बोळ्याने साफ केले, लोखंडी पातं वापरलं नाही. क्रँककेसचं तोंड फडक्याने बंद ठेवलं होतं. सिलिंडरच्या भिंतीवर होनिंगच्या तिरक्या रेघा अजून दिसतात, म्हणून पिस्टन-रिंगा त्याच ठेवल्या, फक्त रिंगांची तोंडं एका रेषेत येणार नाहीत अशी फिरवली. नवीन गॅस्केट कोरडंच बसवलं. जुना कॅम नव्याशेजारी ठेवून व्हर्नियर लावला. इनटेकचा लोब नव्यापेक्षा ०.७ मिलिमीटर कमी भरला. एक्झॉस्टचा जवळपास नव्याएवढाच.

आता माझी चूक. कॅमला आणि रॉकरला भरपूर तेल लावून सगळं बसवलं, टीची खूण समोर, स्प्रॉकेटच्या खुणा हेडच्या कडेशी बरोबर. टेन्शनर लावला, त्याचा दांडा बाहेर आल्याची टक् ऐकली आणि खूश झालो. मग कात्रजकरांच्या जुन्या एका उत्तरात वाचलेलं आठवलं की सेल्फ मारण्याआधी क्रँक हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवायचा. फिरवला. टी समोर आला आणि स्प्रॉकेटची खूण कडेच्या वर. चेन एक दात चुकली होती. पुढच्या बाजूची चेन मी ताणून धरली नव्हती, ती थोडी ढिली राहिली आणि टेन्शनरने तो ढिलेपणा ओढून घेतल्यावर कॅम फिरला.

पुन्हा टेन्शनर काढला, दांडा आत दाबला, स्प्रॉकेट सोडलं. या वेळी पुढची बाजू बोटाने खेचून धरूनच चेन चढवली. दोन फेऱ्या, बरोबर. परत दोन फेऱ्या, बरोबर. रात्रीचे साडेनऊ झाले होते आणि पार्किंगचा दिवा दर दहा मिनिटांनी आपोआप बंद होत होता.

कात्रज_घाट

ते दोन फेऱ्यांचं कधीही चुकवू नको. समजा स्प्रॉकेटला ३४ दात आहेत. एक दात म्हणजे कॅमचे साडेदहा अंश आणि क्रँकचे एकवीस. एवढ्याने गाडी सुरू होते, पण ओढत नाही, तापते, आणि माणूस कार्बोरेटर उघडत बसतो. जास्त दात चुकले तर व्हॉल्व्ह पिस्टनला लागू शकतो. हाताने फिरवताना कुठेही टणक अडलं तर जोर लावायचा नाही, मागे यायचं.

टॅपेट कितीवर ठेवलेस? आणि पहिलं स्टार्ट कसं केलंस?

धायरी_२००८

इनटेक ०.०५ मिलिमीटर, एक्झॉस्ट ०.१०, थंड इंजिनवर. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह जास्त तापतो आणि जास्त लांबतो म्हणून त्याला दुप्पट जागा, हे आता डोक्यात पक्कं बसलंय. पट्टी ओढताना लोण्यातून सुरी ओढल्यासारखं लागलं तिथे नट कसला. पहिल्या दोन वेळा नट कसताना स्क्रू सोबत फिरला आणि गॅप बदलला, तिसऱ्या वेळी स्क्रू धरून ठेवला.

स्टार्टच्या आधी काकांची चाचणी परत केली. प्लग बाहेर, कव्हर उघडं, पाच सेकंद सेल्फ. दुसऱ्या वेळेलाच दोन्ही रॉकरवर तेल आलं. तिसऱ्या वेळेला इनटेकच्या रॉकरवरून ओघळ खाली उतरला आणि माझ्या मनगटावर एक शिंतोडा उडाला. मी तो पुसला नाही, तसाच वर गेलो आणि बाबांना दाखवला.

गाडी दुसऱ्या किकला लागली. बाबा काठी घेऊन खाली आले, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक हेडवर आणि मूठ कानाला लावून ऐकत उभे राहिले. बराच वेळ ऐकलं. मग म्हणाले, "मार्केट यार्डात जायची तेव्हा अशीच होती."

चिंचवड_ग्राइंडिंग

शाबास. आता तीनशे किलोमीटरवर टॅपेट परत बघ आणि तेव्हाच हे तेल काढून टाक. नवीन लोब आणि रॉकर एकमेकांना बसताना सुरुवातीला थोडी बारीक पूड सुटते, ती तेलात फिरत राहायला नको. निघालेलं तेल पांढऱ्या भांड्यात घे आणि चुंबक फिरव. चुंबकावर राखाडी चिखल आला तर काळजी नाही, बोटांना चकचकीत कण टोचले तर लगेच कळव. तेल मोटारसायकलचंच घे, डब्यावर जासो एमए लिहिलेलं बघून. आपला क्लच तेलात बुडालेला असतो, काही मोटारींच्या तेलात असे घटक असतात की क्लच घसरतो.

आणि जुना कॅम टाकू नकोस, मला बघायचा आहे. चिंचवडला कधी येणं झालं तर निरोप टाक.

धायरी_२००८

३१२ किलोमीटर झाले. काल सकाळी उघडलं. इनटेकला ०.०५ची पट्टी तशीच ओढ देत जाते, ०.०७ची शिरत नाही. एक्झॉस्टही जागेवर. नवा लोब नाकावर एकसारखा चमकायला लागलाय, मधोमध एक सरळ पट्टा, नख कुठेच अडकत नाही. चुंबकावर पातळ राखाडी थर आला, कण नाहीत.

कात्रजचा चढ चौथ्यात निघाला. काका, पुढच्या रविवारी आकुर्डीला काम आहे, जुना कॅम डब्यात घालून आणतो. बाबांनाही यायचंय.